पेशीतील परांची

इमारतीला गिलावा करण्याचे काम चालू असताना तुम्ही पाहिले असेल. बांबूची परांची बांधलेली असते. तिच्यावर एकाच्या वर एक असे गडी उभे असतात आणि घमेले या हातातून त्या हातात जात वर पोचते. परांची स्वतः घमेले उचलत नाही. पण तिच्यावाचून काम अडते. पेशीतही अशीच सोय आढळते.

पाव फुगवण्यासाठी वापरतात ते किण्व, म्हणजेच यीस्ट, उदाहरणादाखल घेऊ. या एकपेशीय सजीवात 'ए' व 'आल्फा' असे दोन प्रकार असतात. आल्फा पेशी १३ अमिनो आम्लांचा एक लहानसा रेणू बाहेर सोडते. 'ए' पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनाला तो चिकटला, की 'जोडीदार जवळ आहे' हा निरोप आत जातो. आत स्टे-११ हे प्रथिन स्टे-७ ला फॉस्फेट गट जोडून कार्यक्षम करते आणि स्टे-७ तसेच फस-३ ला. मग फस-३ केंद्रकात जाऊन मीलनास लागणारी जनुके चालू करते.

आता अडचण पाहा. भोवतालच्या पाण्यात मीठ वाढले, तर तो निरोप नेण्यातही स्टे-११ भाग घेते! त्या वेळी मात्र पेशीने ग्लिसरॉल तयार करून पाणी धरून ठेवायचे असते. मग निरोपांची गल्लत का होत नाही?

स्टे-५ नावाचे प्रथिन वरील तिघांना एकत्र धरून ठेवते, असे १९९४ साली दिसून आले. हीच ती परांची. मिठाच्या मार्गात हे काम पीबीएस-२ करते. तेथे निरोप हॉग-१ कडे जातो. म्हणजे स्टे-११ कोणत्या परांचीवर उभे आहे, यावर निरोपाचा पत्ता ठरतो.

याचा पुरावा २००३ साली मिळाला. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात वेंडेल लिम व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन परांच्या जोडून एक नवे प्रथिन घडवले. ते असलेल्या यीस्टला आल्फा रेणू दिला, तेव्हा ते मीलनाऐवजी मिठाला तोंड देण्याच्या तयारीला लागले.

आपल्या पेशींतही वाढीचा निरोप नेणाऱ्या प्रथिनांना केएसआर हे प्रथिन एकत्र धरते. हा मार्ग बिघडून सतत चालू राहणे हे अनेक कर्करोगांचे एक कारण आहे. म्हणून या परांच्यांचा अभ्यास महत्त्वाचा.

जाता जाता एक प्रश्न. पेशीत परांची-प्रथिन फार वाढले, तर निरोप जोरात जाईल की मंदावेल? उत्तर देण्यापूर्वी तीन गडी आणि तीस परांच्या डोळ्यांपुढे आणा.