परसातला मुळा आणि काविळीचा रस

धान निघाले, की आमच्या एकोडीत घरोघरी सांदवाडीत मुळ्याचे वाफे पडतात. मुळा हे आळशी माणसाचे पीक आहे. भुसभुशीत मातीत बोटाच्या अर्ध्या पेराइतके खोल बी टाकले, की चार-पाच दिवसांत उगवते. दाट रोपे उपटून त्यांची कोवळी भाजी करावी. उरलेल्या दोन रोपांत चार बोटे अंतर ठेवले, म्हणजे दीड-दोन महिन्यांत मुळा काढायला येतो. धानाच्या चिकट जमिनीत किंवा कच्चे शेणखत घातले, तर त्याला दोन पाय फुटतात. म्हणून खत पूर्ण कुजलेले असावे.

पण आज सांगायचे आहे ते पाण्याबद्दल. एका वर्षी आम्ही न्हाणीचे पाणी थेट मुळ्याच्या वाफ्यात सोडले होते. लहान बाळाचे लंगोटही त्याच न्हाणीत धुतले जात. त्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या भावाला कावीळ झाली. ती त्या पाण्यामुळेच झाली असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मात्र आम्ही त्याला औषध म्हणून काय दिले? त्याच वाफ्यातल्या पाल्याचा कच्चा रस!

'अ' आणि 'ई' प्रकारच्या काविळीचे विषाणू रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात व अन्नात जातात. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती 'ई' प्रकारची होती, हे पुढे कळले. घाण पाण्यावर वाढलेला मुळा कच्चा खाल्ला, तर हाच धोका पोटात जातो.

मग रसाने गुण येतो, असे लोक का म्हणतात? या दोन्ही प्रकारची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि श्रेय रसाला मिळते. माझा भाऊही बरा झाला. आजी अखेरपर्यंत रसाचेच नाव घेत होती! तिच्याशी वाद घालण्याची माझी प्राज्ञा नव्हती.

परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत 'ई' कावीळ जिवावर बेतते. अशा बाईला रस पाजत घरी ठेवू नये. डोळे पिवळे दिसताच रुग्णालयात न्यावे. इतर कोणी गुंगीत बरळू लागला, उलट्या थांबेनात किंवा रक्तस्राव झाला, तरीही तसेच करावे.

मुळ्यावर मात्र राग नको. त्याच्या पाल्यात लोह आणि 'अ' जीवनसत्त्व देणारे द्रव्य असते. कांद्यापेक्षा पाला फेकणारेच जास्त, ही खरी हळहळ आहे. वाफ्याला विहिरीचे स्वच्छ पाणी द्यावे, पाला धुऊन शिजवावा, मुळा घासून धुऊन सोलावा. काही झाडे न उपटता ठेवली, तर फुलांनंतर डिंगऱ्या लागतात. चण्याच्या डाळीबरोबर त्यांची भाजी फार छान होते.