वखारीच्या भिंतीवरील शेवाळ आणि विरंजक द्रावाचे त्रैराशिक

आमच्या कारापुरात पावसाने एकदा ठाण मांडले की आश्विनापर्यंत भिंत वाळत नाही. वाळवंटीकाठची हवा मुळातच ओलसर. त्यात जांभ्याचा चिरा सच्छिद्र. उत्तरेकडची बाजू प्रथम हिरवी व पुढे काळी पडते. हा प्रश्न केवळ शोभेचा असता तर मी लेखणी हाती घेतली नसती. परंतु शेवाळ ओल धरून ठेवते, ती ओल भिंतीतून आत उतरते, आणि थप्पीतील तळच्या पोत्यांस बुरशी लागते. धान्याच्या व्यापाऱ्यास याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः एक चूक केली. विरंजक द्राव 'जरा कडक असावा' म्हणून निम्मे पाणी घालून भिंतीवर मारविला. भिंत पांढरी झाली खरी. पण काम करणाऱ्या गड्याच्या हातांची कातडी सोलली, दाराचे पत्रे गंजले, आणि ओघळाशेजारी ठेवलेले बारदान पुढे हात लावताच फाटू लागले. दोष मालाचा नव्हता, माझ्या हिशेबाचा होता.

वस्तुतः हा हिशेब आपण पेढीवर नित्य करतो. महावीराचार्यांनी नवव्या शतकात 'गणितसारसंग्रहा'त मांडलेल्या त्रैराशिकाहून तो अवघड नाही. मात्र येथे त्रैराशिक व्यस्त आहे. द्राव जितका कडक, तितका तो कमी लागतो. डब्यावर 'उपलब्ध क्लोरीन' इतके टक्के असे छापलेले असते. आपण किंमत द्यावी ती त्या टक्क्यांची, पाण्याची नव्हे. शेवाळासाठी १ टक्क्याचा द्राव मला पुरेसा आढळला आहे.

उदाहरण घेऊ. भिंत ६० फूट लांब व १५ फूट उंच, म्हणजे ९०० चौरस फूट. प्रथम कोपऱ्यात एक बादली मारून पाहावी. माझ्या भिंतीस १५ लिटर द्राव १५० चौरस फुटांस पुरला. तेव्हा एकूण ९० लिटर हवा. मूळ द्राव १० टक्क्यांचा असेल तर ९० गुणिले १ भागिले १०, म्हणजे ९ लिटर द्राव व ८१ लिटर पाणी. येथे पुष्कळ जण घसरतात. 'एकास नऊ पाणी' आणि 'एकास दहा पाणी' ही एक गोष्ट नव्हे. दुसऱ्यात मिश्रण ११ भागांचे होते.

तोच द्राव उन्हाळाभर पत्र्याखाली राहून ६ टक्क्यांवर आला असेल, तर १५ लिटर द्राव व ७५ लिटर पाणी लागेल. उष्णता व उजेड यांनी त्याची शक्ती घटते. म्हणून आणल्याची तारीख डब्यावर लिहावी व जुन्या द्रावावर भिस्त ठेवू नये. भुकटी घेतल्यास, ३३ टक्क्यांची असेल तर याच कामास सुमारे पावणेतीन किलो लागते. ती पाण्यात ढवळून निवू द्यावी व वरचे निवळ पाणीच वापरावे. चुन्याचा गाळ फवाऱ्यात अडकतो. (ही भुकटी ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ साली पेटंट घेऊन बाजारात आणली, तीही कापड धुण्यासाठी.)

द्राव भर उन्हात मारू नये. तो वाळला की काम थांबते. दहा-पंधरा मिनिटे भिंत ओली ठेवून कुंच्याने घासावी व भरपूर पाण्याने धुवावी. झाडे आधी व नंतर भिजवावीत. धुवण विहिरीकडे वा नदीकडे जाऊ देऊ नये. पोती आधीच आत हलवून दारे बंद करावीत, कारण धान्य वास चटकन धरते. खनिजाच्या धुळीचे तांबडे डाग मात्र याने जात नाहीत. ते लोहाचे असतात, म्हणून त्यांच्यावर द्राव वाढवीत बसणे व्यर्थ. आणि ते काढण्याकरिता याच बादलीत तेजाब वा संडास धुण्याचा द्राव मिसळण्याचे तर कोणी मनातही आणू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला गेला तो हाच.

शेवाळातही जीव आहे, हा विचार आपल्या घरांतून असतोच. त्या दृष्टीनेही पन्हाळ दुरुस्त ठेवून भिंतीवरचे पाणी तोडणे, हा धुण्यापेक्षा बरा मार्ग. मी गेल्या वर्षी वळचण दीड फूट पुढे काढली. यंदा फक्त तळचे चार फूट धुवावे लागले, म्हणजे ९० लिटरांऐवजी २४ लिटर.