तेलाचा दाब उतरतो तेव्हा

आपल्या कोगनोळीवरून जाणारा महामार्ग आपणां सर्वांच्या नित्य परिचयाचा आहे. दूधगंगेचा पूल ओलांडून येणाऱ्या मालमोटारी त्यावरून अहोरात्र धावत असतात. हाच राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ बंगळूरवरून चेन्नईस जातो, आणि चेन्नईच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टै येथे मोटारींच्या शर्यतीची सुमारे पावणेचार किलोमीटर लांबीची धावपट्टी आहे. इकडे उत्तरेस कोल्हापूरला मोहिते यांची कार्टिंगची धावपट्टी आहे. लहान कार्ट गाडीवर हात बसलेली मुले पुढे मोठ्या धावपट्टीवर खऱ्या मोटारी चालवू पाहतात. म्हणजे शर्यतीच्या विद्येची ही वाट आपल्या गावाच्या अंगणातूनच जाते.

कार्टच्या टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. मोटारीच्या इंजिनात मात्र तेल स्वतंत्रपणे फिरते, आणि शर्यतीच्या मोटारीत त्याचा दाब दाखविणारा एक काटा चालकासमोर बसविलेला असतो. भर वेगात तो काटा खाली आला तर काय समजावे आणि कारणाचा शोध कसा घ्यावा, हे या पाठात पाहावयाचे आहे. आम्ही भाषा शिकविणारे. परंतु शोध घेण्याची रीत सर्व शास्त्रांत एकच असते, आणि तीच येथे आम्हांस सांगावयाची आहे.

तेल काय करते?

इ. स. १८८३ मध्ये इंग्लंडात बीचम टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागले. त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर फेकली गेली. शेवटी त्याने तेथे दाबमापक जोडला, तेव्हा त्याचा काटा दर चौरस इंचास २०० पौंडांच्या खुणेपलीकडे गेला. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून घेतो आणि त्या तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, असा याचा अर्थ. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. इंजिनातील क्रँकशाफ्ट असाच तरंगत असतो. पंपाचे काम त्या थरास तेल अखंड पुरविण्याचे. पुरवठा तुटला की धातूवर धातू घासतो आणि काही क्षणांत बेअरिंग पकडते.

दाब कशाने निर्माण होतो?

उसाला पाणी पाजताना नळीचे तोंड अंगठ्याने दाबले की धार जोराने उडते, आणि अंगठा काढला की ती मंदावते. पंप केवळ प्रवाह देतो. दाब अडथळ्यामुळे येतो. इंजिनात हा अडथळा म्हणजे शाफ्ट आणि बेअरिंग यांमधील फट. पन्नास मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टला ही फट सुमारे ०.०५ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीइतकीही नसते. फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. झीज होऊन फट दुप्पट झाली तर गळती दोनाचा घन, म्हणजे आठपट!

यावरून दाब उतरण्याची कारणे तीन प्रकारची ठरतात : पंपास पुरेसे तेल मिळत नाही, तेल फार पातळ झाले आहे, अथवा तेलास निसटावयास मोठी वाट सापडली आहे. यांत चौथी शक्यता धरावी, ती अशी की दाब ठीक असून काटाच खोटे सांगत आहे.

शोधाचा क्रम

काटा एकाएकी पडला तर प्रथम इंजिन बंद करावे. "एवढी फेरी पुरी करू" हा मोह इंजिनाचा घात करतो. नंतर गाडी सपाट जागी उभी करून, तेल खाली निथळू देऊन डिपस्टिक पाहावी. तेल कमी असेल तर ते कोठे गेले हे शोधावे. खुणेपेक्षा जास्त असेल तर तेही वाईट. फिरता क्रँक त्यास घुसळून फेस आणतो, आणि फेसात हवा असते. तेलास पेट्रोलचा वास येत असेल तर ते पातळ झाले आहे. दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी शिरले आहे.

दुसरी पायरी साक्षीदाराची परीक्षा. विजेवर चालणाऱ्या काट्याचा सेन्सर बिघडतो, तार सैल होते. तेव्हा सेन्सर काढून त्याच जागी साधा यांत्रिक दाबमापक जोडावा आणि त्याचा आकडा मिळवून पाहावा. मात्र इंजिनातून ठोके ऐकू येत असतील तर या परीक्षेसाठीही ते सुरू करू नये.

तिसरी पायरी : दाब केव्हा उतरतो? हा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. केवळ लांब वळणावर उतरत असेल तर तेल चेंबरच्या एका बाजूस सरकत आहे. वळणावरील बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला की तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. तेल शोषून घेणारी नळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. यावर चेंबरमध्ये आडपडदे घालतात, अथवा तेलाची वेगळी टाकी ठेवतात. थंड इंजिनात दाब ठीक, पण तापल्यावर संथ गतीत पडत असेल, तर तेल पातळ झाले आहे किंवा फटी वाढल्या आहेत. २०डब्ल्यू-५० जातीचे तेल ४० अंश सेल्सिअसला जेवढे दाट असते, त्याच्या आठव्या-नवव्या हिश्श्याइतकेच १०० अंशांस उरते. वेग वाढविताच दाब घसरत असेल तर शोषनळीची जाळी तुंबली असावी, वा तिच्या सांध्यातून हवा शिरत असावी. वेग कितीही वाढविला तरी दाब ठराविक कमी आकड्यापुढे चढत नसेल, तर जादा दाब सोडून देणारी रिलीफ झडप कचऱ्याने उघडी अडकली असावी.

चौथी पायरी फिल्टर कापून पाहण्याची. त्याचा घडीचा कागद पसरून त्यावरून लोहचुंबक फिरवावे. चिकटतील ते लोखंडाचे कण. न चिकटणारे चकाकते कण बहुधा बेअरिंगचे, आणि त्यांत तांबूस छटा दिसली तर वरचा मऊ थर झिजून खालचा तांब्याचा थर उघडा पडला आहे, असे समजावे. एवढे झाल्यावरच चेंबर उतरवून जाळी, झडप, पंप आणि शेवटी बेअरिंग तपासावीत. म्हणजे बाहेरून आत, आणि स्वस्ताकडून महागाकडे.

काटा आणि दोष

या क्रमास एक शत्रू आहे. दाब कमी दिसताच अधिक दाट तेल ओतावे. काटा चढतो, मन निश्चिंत होते. परंतु झिजलेली बेअरिंग झिजलेलीच राहतात, आणि रोग आत वाढत जातो. काटा वर आणणे आणि दोष दूर करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गुणपत्रिकेतला आकडा खोडून वाढविला म्हणून धडा पाठ होत नाही, तद्वतच हे आहे.

शर्यतीची मोटार थोड्यांच्याच वाट्यास येते. परंतु आपल्या भागात कोणाच्या घरी ट्रॅक्टर आहे, तर कोणी मालमोटार कर्जाने घेऊन तिच्यावर संसार चालवितो. त्या इंजिनांचा नियम हाच. इंजिन बसले तर महिन्यांची कमाई बुडते, हप्ता थांबतो. वेळीच बंद केलेल्या इंजिनात कधी कधी केवळ एक सेन्सर बदलावा लागतो. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या गॅरेजमध्ये उभे राहतील. मालक घाई करील आणि सोपा उपाय हाताशी असेल. त्या वेळी पुराव्यावाचून एकही भाग बदलू नका, आणि मालकास खरे कारण सांगितल्यावाचून गाडी हाती देऊ नका. कारण काटा पाहून तो गाडी पुढे नेणार आहे, आणि त्या काट्यावरील त्याचा विश्वास तुमच्या हाती आहे.