पैसे वसूल करायला जाऊ नकोस

पेण, रविवार

चि. समीर यास,


काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला झोप लागेना. म्हणून सकाळचा चहा झाल्याबरोबर लिहायला बसले. फोनवर तू इतक्या उत्साहात बोलत होतास की मध्येच अडवायला जीव धजला नाही. ओवी आणि अर्णवला इमॅजिका उद्यानात नेतोयस याचा मला आनंदच आहे. पण पुढचा बेत ऐकला आणि पोटात गोळा आला. कोल्हापूरहून पहाटे दोनला निघायचं, आठ-नऊला खोपोली गाठायची, दार उघडल्याबरोबर आत शिरायचं, दिवसभरात एकही राईड सोडायची नाही आणि अंधार पडला की तशीच गाडी परत फिरवायची. "एकाच दिवसाची रजा, आत्या, आणि तिकिटाचे पैसे पुरेपूर वसूल." हे तुझेच शब्द.

समीर, हा बेत मोड. तीस वर्षं मी शाळेच्या सहली नेल्या, त्या अनुभवावरून सांगतेय.

आधी रस्त्याचं बोलते. कोल्हापूर ते पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, पुढे खोपोली धरलीस तर तीनशेच्या पलीकडे. येऊन-जाऊन सहाशे, आणि गाडी चालवणारा तू एकटा. हायवेवर मृणालला अजून सवय नाही हे तूच सांगितलंस. पहाटे दोन ते पाच ही वेळ अशी, की कितीही चहा प्यायलास तरी शरीर झोपच मागतं. डोळे उघडे असतात आणि माणूस क्षणभर डुलकी घेऊन जातो, त्याचं त्यालाही कळत नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये बोरघाटात, जुन्या रस्त्यावरच्या शिंगरोबाच्या देवळाजवळ पहाटेच्या वेळी एक बस दरीत कोसळली. तरुण पोरं होती, कार्यक्रम आटपून घरी निघालेली. त्या दिवसापासून आपल्या घरातलं कुणी अपरात्री घाट उतरणार म्हटलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

म्हणून असं कर. एक नाही, तीन दिवस काढ. ते जमत नसेल तर हा बेत मे महिन्यावर ढकल, मुलं कुठे पळून जात नाहीत. मंगळवारी सकाळी सातला, मुलांचं दूध आणि आंघोळी झाल्यावर निघा. दोन तासांच्या वर गाडी सलग चालवू नकोस. कराडला थांब, साताऱ्याच्या पुढे थांब, आणि थांबशील तेव्हा मुलांना दहा मिनिटं नुसतं पळू दे. नवीन कात्रज बोगदा सोडलास की नवले पुलापर्यंत लांबलचक उतार आहे. गाडी न्यूट्रलवर सोडून डिझेल वाचवायचा मोह तिथे भल्याभल्यांना होतो आणि त्यातून किती अपघात झालेत ते तू पेपरात वाचतोसच. उतारावर गाडी गिअरमध्येच हवी, म्हणजे इंजिनच तिला धरून ठेवतं. नुसत्या ब्रेकवर उतरलास तर ते तापतात आणि नेमके हवे असतात तेव्हा लागत नाहीत. घाटातही हेच.

मांडीवर बसवण्याची गोष्ट मला फार जपून सांगायची आहे, कारण ती मृणालला लागेल. अर्णव पुढच्या सीटवर तिच्या मांडीवर बसतो, तिथेच शांत राहतो, हे मी गणपतीत पाहिलं. ताशी ऐंशीचा वेग म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. त्या वेगात गाडी अचानक थांबली तर बारा किलोचं मूल कुठल्याही आईच्या हातात राहत नाही, मग तिची माया कितीही असो. वर एअरबॅग फुटते ती थेट त्याच्यावर. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याशिवाय किंवा त्याच्या मापाच्या सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड, हा कायदा 2019 पासून आहे. तुझ्यासारख्याला दंडाची भीती घालायची नाही. पण तिकिटांवर एवढा खर्च करणार आहेस, त्याआधी अर्णवसाठी सीट घे. रडेल. निघायच्या आधी गल्लीत फिरवून सवय लाव.

आता माझ्या आवडीचा भाग. घाटात मुलांच्या हातात मोबाइल देऊ नकोस. एक तर त्याने मळमळतं. डोळ्यांना समोर स्थिर पडदा दिसतो आणि कानाच्या आतला तोल वळणं मोजत असतो, दोघांचा मेळ बसत नाही. ओवीला तर हमखास होतं. तिला खिडकीतून लांबवर बघायला सांग, आल्याची वडी जवळ ठेव आणि निघताना पुरी-भाजी भरवू नकोस. पण मोबाइल नको म्हणण्याचं माझं खरं कारण निराळं आहे. त्या घाटात बघायला आहे.

खंडाळ्याच्या खाली उतरताना समोरचे कडे नीट बघ. काळा दगड थरांवर थर रचून ठेवल्यासारखा दिसतो, पायऱ्या-पायऱ्यांचा. हे सगळे लाव्हाचे थर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो पुन्हापुन्हा वाहिला, थंड झाला, पुन्हा त्यावर वाहिला, आणि आपला सह्याद्री झाला. आता गंमत बघ. इमॅजिकात राजासॉरस नावाची पाण्यातली सफर आहे. पाटीवरचं नाव वाचून लोकांना वाटतं, कुणीतरी मजेसाठी ठेवलं असेल. तसं नाही. राजासॉरस हा खरोखरचा डायनोसॉर, आपल्या देशातला. त्याची हाडं गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्याकडे सापडली आणि 2003 साली शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं. डोक्यावर शिंगासारखा उंचवटा असलेला मांसाहारी प्राणी. तो ज्या काळात हिंडत होता, त्याच सुमाराला आपल्याकडे हा लाव्हा वाहू लागला होता. म्हणजे ओवी दुपारी ज्या दगडाशेजारून घाट उतरेल, त्या दगडाच्या काळातलं जनावर तिला दुसऱ्या दिवशी तोंड उघडून सामोरं येईल. सात वर्षांच्या मुलीला हे आदल्या दिवशी घाटात सांगून ठेव. आतल्या अंधारात बसताना तिच्याजवळ भीतीशिवाय आणखीही काही असेल.

जुन्या रस्त्याने उतरलात तर शिंगरोबाचं देऊळही दाखव. लहानपणी एसटीच्या खिडकीतून तू तिथे नाणं टाकायचास आणि ते देवळापर्यंत पोचलं की नाही म्हणून खोपोलीपर्यंत दादाला, तुझ्या बाबांना, विचारत राहायचास. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, आणि बक्षीस म्हणून देशाचं स्वातंत्र्य मागितलं म्हणून मारला गेलेला, अशी त्याची गोष्ट लोक सांगतात. अर्णवला नाही कळणार, ओवीला कळेल.

आता उद्यानातलं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मुलांबरोबर मी तिथे दिवसभर होते. मी स्वतः फार कशात बसले नाही, बाकावर बसून माणसं बघत होते. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला सगळीकडे एकच चित्र. मुलं रडकुंडीला आलेली, आई उन्हाने लाल झालेली आणि बाप हातातला नकाशा दाखवून सांगतोय की अजून पाच राईड राहिल्यात. त्या पाच कुणासाठी राहिल्या होत्या? मुलांसाठी नाही. मूल फिरत्या घोड्यावर चार वेळा बसलं असतं आणि तृप्त झालं असतं. मोठी रांग आणि मोठा थरार ही आपली मोजमापं आहेत. अर्णवला घोड्यावरच बसायचं असेल तर घोड्यावर बसव. तिकीट कितीचं होतं हा विचार दारातच ठेवून आत जा. तो सोबत घेतलास की दिवसभर तोच बोलत राहतो.

एका बापाला मी मुलाच्या बुटात घडी केलेला रुमाल कोंबताना पाहिलं. उंचीच्या पट्टीला डोकं टेकावं म्हणून. कौतुकाने करत होता, मुलाचा हट्ट पुरवायला. पण ती उंचीची अट असते ती अंगावर येणाऱ्या दांडीसाठी आणि पट्ट्यासाठी. ते मोठ्या माणसाच्या मापाने धरतात, लहान अंग त्याखालून सटकू शकतं. एकाच दांडीखाली मोठा आणि लहान असे दोघं बसले तर ती मोठ्याच्या मांडीवर अडते, आणि लहान्याच्या पोटापुढे मोकळी जागा राहते. नायट्रोसारखी राईड, जिच्यात पायांखाली तळच नाही, ती तू आणि मृणाल आळीपाळीने करा. एक आत, एक मुलांजवळ. ओवी पट्टीला दोन बोटं कमी पडली तर "पुढच्या वर्षी" म्हण आणि तिथून हल. तिथल्या माणसांशी हुज्जत घालू नकोस, ओवी ऐकत असते.

आणि ती पट्टीत बसली, पण घाबरली तर?

हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. चौथीची सहल घेऊन आम्ही मुंबईकडच्या एका मोठ्या उद्यानात गेलो होतो, तू तेव्हा नुकता शाळेत जायला लागला असशील. एक मुलगी उंच पाळण्यापाशी माझा पदर धरून उभी राहिली. बसणार नाही म्हणाली. मी तिला म्हटलं, सगळ्या बसल्यात, तूच कशी अशी, तुझ्या वडिलांनी पैसे भरलेत. हात धरून बसवली. पाळणा वर गेला तेव्हा ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी थांबवायला लावला असता. ती डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून बसली आणि उतरल्यावर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानंतर शाळा सोडेपर्यंत ती एकाही सहलीला आली नाही. दरवर्षी पैसे भरायच्या यादीत तिच्या नावापुढची जागा रिकामी असायची आणि दरवर्षी ती यादी मीच करत होते. भीती घालवायचा अधिकार मोठ्यांना आहे असं मला तेव्हा वाटायचं. तसा कुणालाच नाही. तुला नाही, मृणाललाही नाही. ओवी रांगेच्या टोकाला पोचून, तासभर उभी राहून, ऐन वेळी नको म्हणाली, तर तिचा हात धरून मागे फिर. वाटेत "बघ, किती वेळ गेला" असं म्हणू नकोस. सालीमगडसारख्या भुतांच्या अंधाऱ्या खेळात तर अर्णवला नेऊच नकोस. तीन वर्षांच्या मुलाला ते खोटं आहे हे आपण समजावू शकत नाही.

बारीकसारीक गोष्टी मृणालला ठाऊक असतीलच. तरी सहलीची सवय म्हणून एक सांगते. सकाळी दाराबाहेर दोन्ही मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढ, म्हणजे चुकामूक झाली तर वर्णन करत बसावं लागणार नाही. त्यांच्या खिशात तुझा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेव. आणि ओवीला शिकव, हरवलीस तर आम्हाला शोधत फिरायचं नाही, आहेस तिथेच उभं राहायचं आणि गणवेशातल्या ताईला सांगायचं. शाळेत मी हे निघायच्या आधी तीनदा म्हणून घ्यायचे. खाण्याचे डबे बहुतेक अशा ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, तेव्हा मुलांना पोटभर खाऊ घालूनच आत न्या. उघडायची वेळ आणि अर्णवच्या वयाला तिकीट लागतं का, हे आदल्या दिवशी विचारून घे.

वहिनींना, तुझ्या आईला, उद्यानात नेण्याचा आग्रह नको. त्यांचे गुडघे दिवसभर चालायला तयार नाहीत, आणि तू तिकीट काढलंस की त्या नाही म्हणणार नाहीत, हसत चालत राहतील. त्यांना माझ्याकडे ठेव. आम्ही दोघी रिक्षा करून महडला वरदविनायकाला जाऊन येऊ. दादा गेल्यापासून आम्ही नीट बसून बोललोच नाही.

माझ्या घरापासून खोपोली तीसेक किलोमीटर. मंगळवारी संध्याकाळी उजेडात माझ्याकडे या. मुलांना शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात नेईन, पुढच्या वर्षीच्या मूर्तींचं काम आत्ताच सुरू झालंय. अर्णवला मातीचा गोळा मिळाला की तो उठायचा नाही. बुधवारी उद्यान. मधल्या वारी गर्दी कमी असते, आणि शनिवार-रविवारी एक्स्प्रेसवेवर घाटात गाड्या कशा अडकतात ते तुला ठाऊक आहे. रात्री परत माझ्याकडेच. मुलं गाडीत झोपतील, तशीच उचलून आणा, अंथरुणं घातलेली असतील. गुरुवारी आरामात निघा.

रजेचं तुझ्या साहेबांशी उद्याच बोल आणि मला कळव. मी तांदूळ धुऊन वाळत घातलेत, भाकरीचं पीठ दळून आणायचं आहे.

तुझी,
आत्या