नाताळची भेट आणि दानविचार : ओ. हेन्री यांच्या एका कथेच्या निमित्ताने

ओ. हेन्री (विल्यम सिडनी पोर्टर, १८६२–१९१०) या अमेरिकन कथाकाराची ‘द गिफ्ट ऑफ द मेजाय’ ही कथा डिसेंबर १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली व पुढील वर्षी ‘द फोर मिलियन’ या संग्रहात समाविष्ट झाली. अखेरच्या कलाटणीचा नमुना म्हणून तिचा उल्लेख वारंवार होतो. त्या कलाटणीच्या पोटात देण्याच्या स्वरूपाविषयी जो प्रश्न आहे, त्याची चर्चा त्या मानाने कमी झाली आहे.

नाताळच्या आदल्या दिवशी डेलाजवळ अवघे १ डॉलर ८७ सेंट आहेत. पती जिमचे साप्ताहिक वेतन ३० डॉलरवरून २० वर आलेले; त्यातील ८ डॉलर घरभाड्यात जातात. ती आपले गुडघ्याखाली पोचणारे केस २० डॉलरला विकते आणि जिमच्या वडिलोपार्जित घड्याळासाठी २१ डॉलरचा प्लॅटिनमचा अछोडा घेते. जिमने तेच घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कासवाच्या कवचाच्या फण्या आणलेल्या असतात. लेखकाने हे आकडे काटेकोरपणे दिले आहेत, ते उगाच नव्हे. डेलाच्या हाती शेवटी ८७ सेंट उरतात. हिशेब चोख आहे, व्यवहार मात्र साफ बुडीत.

भारतीय दानविचाराची कसोटी लावली की एक अडचण उभी राहते. सात्त्विक दान परतफेड न करणाऱ्याला दिलेले असावे, प्रत्युपकाराच्या आशेने दिलेले ते राजस, असे गीतेचा सतरावा अध्याय सांगतो. नाताळच्या भेटी तर परस्परांना द्यावयाच्या. त्यांचे नाते आपल्याकडील लग्नाच्या आहेराशी अधिक. (आहेर कोणी काय केला, हे वहीत टिपून ठेवणारी घरे मराठी वाचकाला अपरिचित नाहीत.) मग डेला आणि जिम यांचे देणे कोणत्या कोटीत बसवावयाचे? दोन्ही वस्तू निरुपयोगी ठरल्यामुळे येथे परतफेड होऊनही होत नाही. देवाणघेवाणीचा साचा तसाच राहतो आणि त्यातील ‘घेवाण’ तेवढी गळून पडते. कथेची कलाटणी केवळ चमत्कृती नाही, ती या विचाराची गरज आहे.

शीर्षकातील दृष्टान्त मात्र तितकासा चपखल नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील मागी लोक सोने, ऊद व गंधरस आणतात. ते तिघेच होते असे मत्तय सांगत नाही. वस्तू तीन, म्हणून परंपरेने माणसेही तीन मानली. त्या देण्यात त्यांना काही गमवावे लागल्याचा निर्देश नाही. डेलाचे खरे साम्य मार्काच्या शुभवर्तमानातील विधवेशी आहे. मंदिराच्या भांडारात इतर आपल्या विपुलतेतून टाकतात. ही दोन क्षुद्र नाणी टाकते आणि तीच तिची सारी उपजीविका असते. हा प्रसंग नाताळचा नाही हे खरे, परंतु त्यातील विचार नाताळला परका नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ख्रिस्त धनवान असता इतरांसाठी दरिद्री झाला, असे पौल म्हणतो. हे तो तात्त्विक चर्चेच्या ओघात म्हणत नाही. यरुशलेमेतील गरजूंसाठी वर्गणी गोळा करताना म्हणतो. ख्रिस्तजन्माचा अर्थ अशा रीतीने आरंभापासूनच पदरमोडीशी जोडला गेला आहे.

मराठी अनुवादकाची परीक्षा होते ती केसांपाशी. ही कथा लिहिली गेली त्या काळातील महाराष्ट्रात, विशेषतः ब्राह्मण समाजात, स्त्रीचे केस उतरविणे म्हणजे वैधव्य. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ मधील यमूचे केशवपन ज्याच्या स्मरणात आहे, तो वाचक डेलाकडे पाहून स्तब्ध झालेल्या जिमच्या नजरेत अशुभाची छाया पाहील. ती छाया मूळ कथेत नाही. डेलाला भीती वाटते ती आपण कुरूप दिसण्याची. उलट तिरुपतीला नवसाने केस वाहणाऱ्या भाविकांची परंपरा जमेस धरली, तर तेच कृत्य अर्पण ठरते. तेथेही वाहिलेले केस पुढे विकले जातात, आणि त्याने अर्पणाला बाध येत नाही.

दोघांचा त्याग मात्र समान मानता येत नाही. आपले केस फार लवकर वाढतात, असे डेला स्वतःच सांगते. तेव्हा फण्या काही महिने थांबतील. आजोबांपासून चालत आलेले घड्याळ मात्र परत येणार नाही, आणि अछोड्याला ते कधीच मिळणार नाही.