चाप आणि घोडा : पिस्तुलांच्या चापांचा एक तुलनात्मक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने पिस्तुलाच्या चापावर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. म्हणून आरंभीच खुलासा करतो. मी पिस्तूल कधी हातात धरलेले नाही. राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरात पॉइंट टू टू रायफलीच्या मोजक्या गोळ्या झाडल्या, तेवढाच माझा अनुभव. परंतु या विषयाची ओढ मला शिबिरात लागली नाही. ती आमच्या वाडीत, एका बैलाच्या मृत्यूने लागली. ती हकिकत पुढे येईलच. प्रथम विषय समजून घेऊ.

१. दोन शब्दांचा घोटाळा

आपल्या बोलण्यात 'घोडा ओढला' आणि 'चाप ओढला' ही वाक्ये एकाच अर्थाने येतात. मुंबईच्या बोलीत तर सबंध पिस्तुलालाच घोडा म्हणतात. प्रस्तुत लेखापुरता मात्र हा भेद पाळावा लागेल. बोटाने ओढायची ती कळ म्हणजे चाप, आणि काडतुसाच्या बुडावरील टोपी फोडण्यासाठी मागून आपटतो तो घोडा. चाप माणसाच्या बोटाशी असतो, घोडा दारूशी. या दोघांमधील नाते कसे जोडायचे, एवढाच पिस्तुलांच्या चापांमधील सारा फरक आहे.

राजगड आणि तोरणा ज्या मुलखात उभे आहेत, तिथल्या मावळ्यांच्या काळात तोड्याची बंदूक होती. जळता तोडा एका चिमट्यात धरलेला असे. कळ दाबली की तो खाली येऊन रंजकीला लागे आणि बार उडे. पुढे चकमकीची बंदूक आली. तिच्या घोड्याच्या तोंडात गारगोटी असे. त्यानंतर टोपीची बंदूक आली. चकमकीच्या आणि टोपीच्या या दोन्ही बंदुकांत घोडा आधी हाताने मागे चढवावा लागे. चाप तो फक्त सोडून देई. आमच्याकडे रानडुकरांपासून भात-नाचणी राखण्यासाठी परवान्याने मिळे ती ठासणीची बंदूक याच जातीची.

२. अर्धस्वयंचलित म्हणजे काय?

अर्धस्वयंचलित पिस्तुलात गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे जाते. रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते. मग स्प्रिंगच्या जोराने स्लाइड पुढे येताना मुठीतील मॅगझीनमधून नवे काडतूस नळीत ढकलते. हे सारे आपोआप घडते. परंतु पुढची गोळी आपोआप सुटत नाही. त्यासाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. म्हणूनच त्यास 'अर्ध' स्वयंचलित म्हणावयाचे. एका ओढीस एक गोळी, हा नियम.

महाराष्ट्राच्या इतिहासात या शस्त्राचे आगमन कसे झाले, हे पाहण्यासारखे आहे. २२ जून १८९७ रोजी पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा जगात अर्धस्वयंचलित पिस्तुले नुकतीच निघू लागली होती. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर गुप्तपणे पाठविली होती. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी झाली. जॅक्सनच्या वधाच्या दिवशी कान्हेरे माझ्याहून वयाने लहान होते. ही गोष्ट वाचली त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो.

३. चापाचे चार प्रकार

*(अ) एकेरी चाप.* येथे चापाकडे एकच काम असते, ते म्हणजे चढलेला घोडा सोडणे. पहिल्या गोळीआधी स्लाइड मागे ओढली की घोडा चढतो. नंतर प्रत्येक गोळीबरोबर स्लाइडच तो चढविते. उंदराचा सापळा डोळ्यांपुढे आणा. ताण आधीच भरून ठेवलेला, फक्त स्पर्शाची वाट. या चापाची ओढ आखूड आणि हलकी, साधारण दोन ते अडीच किलोंची असते. नाशिकला आली त्या काळची ब्राउनिंग पिस्तुले याच प्रकारची होती. अमेरिकन सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलेले कोल्ट पिस्तूल आणि १९३५ चे ब्राउनिंग हाय-पॉवर हीही याच प्रकारची. हाय-पॉवरच्याच धर्तीवर आपल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने नऊ मिलिमीटरचे पिस्तूल बनविले, आणि ते आपल्या सैन्याने व पोलिसांनी दीर्घकाळ वापरले. गुण असा की नेम उत्तम साधतो आणि प्रत्येक गोळीची ओढ सारखी असते. दोष असा की घोडा चढलेला असताना सुरक्षा-कळ लावावयास विसरलात, तर शस्त्र तुम्हांस दुसरी संधी देत नाही.

*(आ) दुहेरी-एकेरी चाप.* जर्मनीच्या वाल्थर कंपनीने १९२९ मध्ये पीपी हे पिस्तूल काढले, तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला. यात पहिल्या गोळीला चाप दोन कामे करतो. आधी घोडा मागे नेतो, मग तोच सोडतो. आपल्या मुलांची गलोल अशीच असते. ताणावयाचेही आपणच, सोडावयाचेही आपणच. म्हणून पहिली ओढ लांब आणि जड, सुमारे साडेचार ते साडेपाच किलोंची असते. पहिल्या गोळीनंतर मात्र स्लाइड घोडा चढवून ठेवते, आणि दुसऱ्या गोळीपासून चाप एकेरीसारखा हलका होतो. अमेरिकेने १९८५ मध्ये कोल्टच्या जागी घेतलेले बेरेटा याच प्रकारचे. काम संपल्यावर घोडा सुरक्षितपणे उतरविण्यासाठी यात बहुधा वेगळी कळ असते. गुण हा की खिशातले वा म्यानातले शस्त्र घोडा उतरवून ठेवता येते, आणि पहिली गोळी चुकून सुटणे कठीण असते. दोष हा की बोटाला दोन वेगळ्या सवयी शिकाव्या लागतात. जड ओढीची अपेक्षा करणाऱ्या घाबरलेल्या बोटाखाली दुसरी गोळी वेळेआधीच सुटू शकते.

*(इ) केवळ दुहेरी चाप.* यात घोडा चढलेला राहतच नाही. प्रत्येक गोळीला तीच लांब, जड ओढ. सवय एकच, चुकून सुटण्याचा धोका कमी. परंतु नेमाला जड.

*(ई) घोड्याविना चाप.* ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये गॅस्टन ग्लॉक यांचे पिस्तूल स्वीकारले आणि हा प्रकार जगभर पसरला. बाहेरून आपटणारा घोडा यात नाहीच. त्याऐवजी आत स्प्रिंगवर चालणारा एक दांडा असून त्याचेच टोक टोपीवर आदळते. स्लाइड हा दांडा अर्धवट ताणून ठेवते, उरलेला ताण चाप पुरा करतो. दोरी चढवून ठेवलेल्या धनुष्याची उपमा येथे चपखल बसते. कामठी आधीच वाकलेली असते, बाकीची खेच आपली. ओढ सुमारे अडीच किलोंची आणि दरवेळी सारखी. अंगठ्याने लावावयाची सुरक्षा-कळ ग्लॉकवर नसते. चापाच्याच तोंडावर एक छोटी पट्टी असते. ती दाबली गेल्याशिवाय चाप मागे जात नाही. आपल्या राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाकडे ग्लॉक पिस्तुले आहेत. गुण सुटसुटीतपणाचा. दोष म्हणावा तर हाच की चापावर बोट ठेवले, तर ती पट्टीही दाबली जाणारच. म्हणजे खरी सुरक्षा बोटाच्या शिस्तीत आहे.

४. जड चापाने नेम का हलतो?

हा प्रश्न मला फार दिवस सुटत नव्हता. तो सुटला किराणा दुकानातील तराजूपाशी. पिस्तुलाचे वजन साधारण एक किलो. दुहेरी चापाची ओढ पाच किलोंची. म्हणजे एक किलोच्या वस्तूवर एका बोटाने पाच किलोंचा जोर लावावयाचा, आणि ती वस्तू तसूभर हलू द्यावयाची नाही! बोट सरळ मागे न येता किंचित बाजूला गेले, की नळीचे तोंडही गेले. रायफल जड असते, शिवाय ती खांद्याला टेकलेली असते. तिला हा जोर एवढा जाणवत नाही. शिबिरात आमचे हवालदार सारखे सांगत, 'ट्रिगर खेचू नका, दाबत न्या.' त्याचा अर्थ मला त्या तराजूपाशी कळला.

नेमबाजीच्या खेळात म्हणूनच हलका चाप चालतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पंचवीस मीटर पिस्तुलाच्या चापाची ओढ किमान एक हजार ग्रॅम आणि दहा मीटर एअर पिस्तुलाची किमान पाचशे ग्रॅम असावी लागते. ती वजन टांगून तपासली जाते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. परंतु खेळाच्या मैदानावर समोर कागद असतो, आणि हुकूम झाल्याशिवाय कोणी शस्त्र भरीत नाही. रस्त्यावरच्या शिपायाला ती सवलत नाही. म्हणून खेळाचा चाप कामाला आणि कामाचा चाप खेळाला लावून उपयोग नाही.

५. बैलाची हकिकत

मी सहावीत असताना माझे चुलते रात्रभर शेतावर राखण करून पहाटे घरी येत होते. खांद्यावर ठासणीची बंदूक. रात्री डुकरांचा आवाज आला म्हणून त्यांनी घोडा चढविला होता. डुकरे आली नाहीत, आणि घोडा उतरवावयाचा राहिला. बांध उतरताना पाय घसरला, करवंदीची फांदी चापात अडकली आणि बार उडाला. पुढे गोठ्याबाहेर आमची जोडी बांधलेली होती. त्यातला एक बैल दुपारपर्यंत जगला.

त्या वर्षी चिखलणी आम्ही शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी लावून केली. चुलत्यांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, आणि नंतर त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत. आजोबा एवढेच म्हणाले, "घोडा चढवून वाट चालू नये." आजोबांना अक्षरओळख नव्हती. परंतु एकेरी चापाच्या शस्त्राबद्दल जो नियम मी पुढे पुस्तकात वाचला, तो याहून निराळा नव्हता.

कोणी म्हणेल की दोष माणसाचा होता, चापाचा नव्हे. हे खरे आहे, पण अर्धेच. त्या चापाला जर पाच किलोंची लांब ओढ लागली असती, तर करवंदीच्या फांदीने तो ओढला गेला नसता. यंत्र बनविणाऱ्याने माणूस थकतो, घसरतो, विसरतो हे धरून चालले पाहिजे. आणि वापरणाऱ्याने यंत्र काही विसरत नाही हे धरून चालले पाहिजे. घोडा चढविलेला असेल, तर तो चढलेलाच राहतो.

६. समारोप

तर मग सर्वांत चांगला चाप कोणता? हा प्रश्न मला माझ्या चुलतभावाने विचारला. तो त्याच चुलत्यांचा मुलगा. सध्या तो पोलीस भरतीसाठी रोज पहाटे भोरच्या रस्त्याने धावतो. त्याला मी दिलेले उत्तर हेच या लेखाचे सार आहे. एकेरी चाप नेमाला उत्तम, पण तो सुरक्षा-कळीची आठवण मागतो. दुहेरी-एकेरी चाप पहिल्या गोळीआधी विचाराला वेळ देतो, पण दोन सवयी मागतो. केवळ दुहेरी चाप क्षमाशील आहे, पण भरपूर सराव मागतो. घोड्याविना चाप सोपा आहे, आणि बोटाची सर्वांत कडक शिस्त मागतो. नीट शिकविण्यास वेळ आणि काडतुसे मिळणार नसतील, तर जड चाप बरा. मिळणार असतील, तर कोणताही एक चाप घ्यावा आणि तोच हाताला बसवावा. नियम मात्र चारही प्रकारांना एकच आहे. नेम धरून गोळी झाडावयाचे ठरेपर्यंत बोट चापावर नव्हे, चापाबाहेर.

कायद्याने एकवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय शस्त्राचा परवाना मिळत नाही. मी एकोणीस वर्षांचा आहे, आणि तो मिळाला तरी मला नको आहे. परंतु भावाच्या कमरेला एक दिवस सरकारी शस्त्र येईल. हल्ली वाढदिवसाच्या फलकांवर पिस्तूल मिरविणारी मुले आपण पाहतो. त्यांतील कितीजणांना आपल्या हातातील वस्तूचा घोडा चढलेला आहे की उतरलेला, हे सांगता येईल?

चुलत्यांना हा लेख मी वाचून दाखविला. बैलाच्या हकिकतीपाशी मी अडखळलो. ते म्हणाले, "वाच. पोरानं ऐकलं पायजे." भाऊ दारातच उभा होता.