नाताळ करा, पण जानेवारी सांभाळून
पेण-रोह्याहून ब्रिटनला नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी

गणपतींचं विसर्जन होतं न होतं तोच इथल्या सुपरमार्केटांत नाताळचे मिन्स पाय दिसू लागतात. मग नवरात्र, दिवाळी, नोव्हेंबरअखेरचा ब्लॅक फ्रायडे, नाताळ आणि नवीन वर्ष. नव्या घराचा पैसा गळतो तो याच चार महिन्यांत. पेण, रोहा, नागोठण्याकडून येऊन इथे मुरलेल्या घरांनी आपापल्या अनुभवातून सांगितलेलं इथे एकत्र केलं आहे. नियम ब्रिटनचे आहेत, त्यातही मुख्यतः इंग्लंडचे.

सगळ्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नाताळचा खर्च वाढतो तो "सगळे करतात, मग आपण नाही केलं तर बरं दिसणार नाही" या धास्तीने. प्रत्यक्षात शेजारी, शाळा आणि ऑफिस तुमच्याकडून फार थोडी अपेक्षा ठेवतात. ती पुरी करा आणि बाकीचा सण आपल्या रीतीने साजरा करा.

आधी पगाराचं गणित

बऱ्याच कंपन्या डिसेंबरचा पगार नाताळच्या आधीच देतात. हातात पैसे लवकर येतात म्हणून बरं वाटतं, पण पुढचा पगार थेट जानेवारीच्या शेवटी. म्हणजे एका पगारात पाच-सहा आठवडे काढायचे, तेही हीटिंगचं बिल सर्वांत जास्त येण्याच्या दिवसांत. कौन्सिल टॅक्स दहा हप्त्यांत भरत असाल, तर जानेवारीचा हप्ता असतोच. सुटका मिळते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं बालपण रोह्यात गेलं. त्या गावच्या माणसाला डिसेंबरात पगार पुरला नाही, हे काही शोभत नाही! तेव्हा पगार जमा झाला की त्याच दिवशी जानेवारीचं भाडं, वीज-गॅस, कौन्सिल टॅक्स आणि प्रवासाचे पैसे दुसऱ्या खात्यात टाका. उरेल तो नाताळ.

ऑनलाइन दुकानांत "आता घ्या, नंतर भरा" असा पर्याय असतो. एका दुकानाचा हप्ता लहान दिसतो. चार दुकानांचे हप्ते जानेवारीत एकदम दारात उभे राहतात. पहिल्या वर्षी तर त्या वाटेला जाऊच नका.

शाळेत आणि ऑफिसात काय अपेक्षित असतं

*कार्डं.* प्राथमिक शाळेतली मुलं वर्गातल्या सगळ्यांना कार्डं देतात. एका पाकिटात तीसेक छोटी कार्डं स्वस्तात मिळतात. शिक्षकांकडून नावांची यादी मागून घ्या आणि मुलालाच लिहू द्या. सोबत चॉकलेट दिलंच पाहिजे असं काही नाही.

*ख्रिसमस जंपर.* डिसेंबरात एक दिवस नाताळचा स्वेटर घालून यायला सांगतात. बऱ्याच शाळांत हा दिवस 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेच्या मदतीसाठी असतो. नवा स्वेटर एक दिवस वापरला जातो आणि पुढच्या वर्षी तोकडा होतो. चॅरिटी शॉपमधून घ्या, नाहीतर जुन्या स्वेटरला चमकी शिवा.

*शिक्षकांची भेट.* पालकांच्या गटात वर्गणी निघते. जमेल तेवढी द्या. कमी दिली तर कोणी विचारत नाही.

*सीक्रेट सँटा.* ऑफिसात चिठ्ठी काढून एकाने एकाला भेट द्यायची पद्धत आहे. बहुधा पाच किंवा दहा पौंडांची मर्यादा ठरलेली असते. आपल्या लोकांना ती ओलांडायची फार हौस. तसं करू नका, समोरचा अवघडतो. पेणच्या पातळ पोह्यांचा घरी केलेला चिवडा बरणीत भरून रिबीन बांधून दिला, तर तो ऑफिसात दिवसभर फिरतो. मात्र शेंगदाणे-काजू घातले असतील तर तसं बरणीवर लिहा. शाळेत तर असा चिवडा पाठवूच नका. सुक्या मेव्याच्या अ‍ॅलर्जीमुळे बहुतेक शाळांत त्याला मनाई असते.

सजावट

डिसेंबरात लंडनमध्ये दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे दिवे हवेतच. दिवाळीच्या माळा आणि कंदील काढू नका, तेच नाताळपर्यंत ठेवा. झाड घ्यायचं तर जुनं कृत्रिम झाड पाहा. जानेवारीत ते कुणीतरी काढून टाकतंच, आणि पुढे वर्षानुवर्षं चालतं.

आधी खरेदीचं महत्त्व पेणकरांना वेगळं सांगायला नको. परदेशी जाणाऱ्या मूर्ती हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून चतुर्थीच्या कित्येक महिने आधी निघतात. तसंच इथे कार्डं, रंगीत कागद आणि सजावट २६ डिसेंबरनंतर निम्म्या किमतीत घेऊन पुढच्या वर्षासाठी ठेवायची.

जेवण: टर्कीऐवजी पोपटी

गावाकडे डिसेंबर-जानेवारी म्हणजे वालाच्या शेंगांचे आणि पोपटीचे दिवस. इथे याच सुमाराला, नाताळच्या आधीच्या आठवड्यात, सुपरमार्केटं एकमेकांशी चढाओढ करत बटाटे, गाजरं, स्प्राउट्स काही पेन्सांत विकतात. हा योग कित्येक घरांनी साधला आहे.

झाकणाचं जाड लोखंडी भांडं घ्या. भांबुर्डा मिळणार नाही, तेव्हा तळाला आणि कडेला कोबीची पानं लावा. गुजराती दुकानातली फ्रोजन सुरती पापडी, बटाटे, रताळी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा आणि जाडं मीठ असे थर द्या. वरून पुन्हा पानं घाला, झाकण घट्ट लावा आणि २०० अंशांवर तासभर ओव्हनमध्ये ठेवा. उकडलेली अंडी शेवटी घाला. कोंबडी आतपर्यंत शिजल्याची खात्री करा. शाकाहाऱ्यांसाठी वेगळं भांडं लावा. धुराचा वास येणार नाही, पण ओव्यात वाफवलेल्या शेंगांवर इंग्रज शेजारीही ताव मारतात. मागच्या अंगणात मडकं उपडं घालून पेंढा पेटवण्याचा मोह मात्र आवरा.

दूध-भाजी २४ तारखेलाच आणून ठेवा. २००४च्या कायद्यानुसार इंग्लंड-वेल्समध्ये मोठी दुकानं २५ डिसेंबरला उघडत नाहीत. त्या दिवशी रेल्वे आणि लंडनची ट्यूबही बंद असते. म्हणून पाहुणे चालत येतील एवढ्या अंतरावरचे बोलवा. एकटा राहणारा एखादा विद्यार्थी जवळपास असेल, तर त्याला आधी सांगा. सगळ्यांनी एकेक पदार्थ आणला की एका घरावर भार पडत नाही.

फुकटात फिरणं

ट्रॅफल्गर स्क्वेअरमध्ये १९४७पासून दरवर्षी नॉर्वेतल्या ऑस्लो शहराकडून भेट म्हणून झाड येतं. त्याखाली होणारी कॅरोल्स ऐकायला तिकीट नाही. गावोगावच्या चर्चमधली कॅरोलची प्रार्थना सर्वांना खुली असते. जायला कचरू नका. रेवदंड्याजवळच्या कोर्लईतल्या ख्रिस्ती वस्तीमुळे नाताळ आपल्या रायगडालाही नवा नाही. ब्रिटिश म्युझियम, सायन्स म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम इथे कायमची दालनं विनामूल्य आहेत. फक्त २४ ते २६ डिसेंबरला ती बंद असतात. जत्रांच्या ठिकाणी प्रवेश स्वस्त असला तरी पाळण्यांचे आणि खाण्याचे पैसे वेगळे पडतात. मुलांना निघण्याआधीच आकडा सांगून ठेवा.

गावी जायचं असेल तर

शाळांच्या सुट्टीमुळे डिसेंबरात मुंबईचं तिकीट सर्वांत महाग असतं. जानेवारीत शाळा बुडवून जावं म्हणाल, तर इंग्लंडमध्ये पाच दिवसांच्या विनापरवाना गैरहजेरीवर प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे, किमान ८० पौंड दंड होऊ शकतो. शाळेत जाणारी मुलं असतील तर फेब्रुवारीची अर्धसत्राची सुट्टी पाहा.

महिन्यांची यादी

*ऑक्टोबर:* घरात एक आकडा ठरवा, दोघांनी मिळून.

*नोव्हेंबर:* भेटींची यादी आधी करा, ब्लॅक फ्रायडेच्या जाहिराती मग उघडा. ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत नको म्हणून कळवता येतं. दुकानातून घेतलेल्या वस्तूला मात्र त्या दुकानाचा नियम लागू. तेव्हा पावती जपा.

*डिसेंबर:* "पार्सल अडकलंय, शुल्क भरा" असे खोटे मेसेज येतात. लिंक उघडू नका. मेसेज ७७२६ या क्रमांकावर पाठवून द्या.

*जानेवारी:* न लागणाऱ्या वस्तू वेळेत परत करा. काय वापरलं आणि काय पडून राहिलं ते लिहून ठेवा. पुढच्या नाताळचं अंदाजपत्रक त्याच कागदावरून करायचं.